मुंबईतला सरकारी कारकून, १९३९ ते १९४७ : पगार हातात किती पडायचा आणि महिना कसा निघायचा?

(ही लेखी चर्चा आहे; प्रत्येक भागाच्या डोक्यावर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बारनिशी (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मुंबईत खालच्या दर्जाच्या सरकारी नोकराचं महिन्याचं अंदाजपत्रक मांडायचंय. एक कारकून आणि एक पट्टेवाला, दोघं शेजारी शेजारी. तीन टप्पे धरलेत : ऑगस्ट १९३९, १९४४ आणि १९४७. हाताशी सेवापुस्तकांतले उतारे, पगारबिलाची काही पानं, लेबर गॅझेट या सरकारी मासिकातले राहणीखर्चाचे निर्देशांक आणि घरखर्चाच्या दोन वह्या आहेत. आकड्यांना तोटा नाही, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

अडलेल्या गोष्टी अशा. ‘३५-२-५५-ई.बी.-३-८५’ अशी श्रेणी लिहिलेली आहे, पण माणूस आठव्या वर्षी नक्की कुठे होता हे त्यावरून कसं काढायचं? महागाई भत्ता काही पानांवर आहे, काहींवर नाहीच. निर्देशांक एका ठिकाणी १९१४ चा पाया धरून, तर दुसरीकडे १९३३-३४ चा. वहीत तांदूळ कधी शेरात, कधी पायलीत, कधी मणात. आणि शेवटचं म्हणजे या सगळ्याला कशाने तरी गुणून ‘आजचे अमुक रुपये’ असं म्हणता येईल का?

खतावणी

आधी नोकराचा मालक कोण ते ठरवा. ‘सरकारी नोकर’ या एका शब्दात मुंबईत निदान तीन वेगळ्या तिजोऱ्या येतात. पोस्ट, तारखातं, कस्टम्स, प्राप्तिकर आणि रेल्वे हे केंद्राचे. (जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, १९२५ पासून सरकारच्या ताब्यात; बी.बी.सी.आय., म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, १९४२ पासून.) सचिवालय, कलेक्टर कचेरी, न्यायालयं, पोलीस हे मुंबई प्रांताचे. महापालिका आणि पोर्ट ट्रस्ट यांचं आणखी निराळं. श्रेणी वेगळ्या, भत्त्याचे हुकूम वेगळे, हुकमांच्या तारखाही वेगळ्या. एकाच चाळीत राहणारे पोस्टातला आणि सचिवालयातला असे दोन कारकून एका वेतनाचे समजलात, की पुढचं सगळं चुकलं.

दुसरी रेघ १९३१ ची. मंदीत सरकारने खर्चकपात केली तेव्हा दोन गोष्टी झाल्या, आणि लोक त्या एकत्र कालवतात. एक म्हणजे असलेल्या नोकरांच्या पगारात १० टक्के कपात. ती डिसेंबर १९३१ पासून लागली, १९३३ मध्ये ५ टक्क्यांवर आली आणि १९३५ मध्ये उठली. दुसरी कायमची : नव्याने लागणाऱ्यांना मुळातच खालच्या श्रेणी. केंद्राकडे १६ जुलै १९३१ ही सीमारेषा होती. त्यामुळे एकाच टेबलावर, एकच काम करणारे दोघे १९३९ मध्ये वेगळ्या श्रेणीत असू शकतात. नेमणुकीची तारीख बघितल्याशिवाय श्रेणी लावू नका.

आता तुमची श्रेणी. ३५ वर सुरुवात, दर वर्षी २ रुपये वाढ, ५५ वर ई.बी. म्हणजे एफिशियन्सी बार, त्यापुढे दर वर्षी ३, शेवट ८५. पहिला टप्पा १० वर्षांचा, दुसराही १० वर्षांचा. माणूस रुजू झाला त्या वर्षी ३५, एक वर्ष पुरं झालं की ३७, सात वर्षं पुरी झाली की ४९. म्हणजे ‘आठव्या वर्षी’ ४९. आठ वर्षं पुरी झाल्यावर ५१. हा एका वर्षाचा घोळ हमखास होतो.

ई.बी.चं असं की वार्षिक वाढ आपसूक मिळायची, पण बार ओलांडायला वरिष्ठाचा वेगळा हुकूम लागायचा. तो आला नाही तर माणूस ५५ वरच. सेवापुस्तकात सलग दोन-तीन वर्षं तोच आकडा दिसला तर लेखनिकाची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. बहुधा बार अडलेला असतो, नाहीतर बिनपगारी रजेने वाढीची तारीख पुढे ढकललेली असते. ‘१०/२’ असं काही दिसलं तर १० रुपयांची वाढ, पण दोन वर्षांतून एकदा.

पगारबिलावरचा आकडा आणि हातात पडलेला आकडा यांत हे बसायचं :

जनरल प्रॉव्हिडंट फंड. वर्गणी कमीत कमी रुपयाला एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के. ४८ रुपये पगार असेल तर ३ रुपये गेले. जास्तीत जास्त अडीच आणे. फंडातून काढलेली उचल हप्त्याने परत, तिचा रकाना वेगळा.

कचेरीच्या पतपेढीचा हप्ता. हा बिलावर दिसेलच असं नाही. बऱ्याचदा पगारवाटपाच्या टेबलावरच वसूल व्हायचा.

आणि वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट. तिकिटावर सही केल्याशिवाय पगार हातात नाही. वर्षाचे बारा आणे. पट्टेवाल्याच्या वहीत हा आणा न चुकता लिहिलेला सापडतो, हेडक्लार्कच्या वहीत कधीच नाही.

कोर्टाची जप्ती मात्र कारकुनापर्यंत पोचत नव्हती. १९३७ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सरकारी नोकराच्या पगारातले पहिले १०० रुपये आणि उरलेल्याचा निम्मा भाग जप्त करता येत नसे. म्हणून ६० रुपयेवाल्याच्या बिलात ‘कोर्ट’ असा रकाना असेल तर तो आधीच्या काळातल्या हुकमाचा असण्याची शक्यता जास्त. सावकाराने काही देणं सोडलं नाही. तो कोर्टात जायच्याऐवजी पगाराच्या दिवशी फाटकाशी उभा राही.

पैपैसा

भत्त्याचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

काही पानांवर भत्ता नाही याची तीन कारणं असू शकतात. पहिलं : तारीख लवकरची आहे. लढाई सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाली, पण सरकार लगेच हललं नाही. जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांच्या मागणीवरून १९४० मध्ये न्या. बी. एन. राव यांचं चौकशी न्यायालय बसलं, आणि महागाई भत्ता कुणाला, का व कितपत द्यायचा याचा पद्धतशीर विचार तिथून सुरू झाला. त्याआधी धान्य महागलं की तुटपुंजा ‘धान्य भत्ता’ देण्याची जुनी रीत होती. जुन्या कागदांत ग्रेन कॉम्पेन्सेशन किंवा डिअर फूड अलाउन्स अशी नावं दिसतील. ती मूळ कल्पना मनात ठेवा : पोटापुरतं धान्य महाग झालं म्हणून अगदी खालच्यांना दिलेला आधार. पगाराची किंमत टिकवणं हा हेतूच नव्हता.

दुसरं : माणूस मर्यादेच्या वर होता. सुरुवातीला भत्ता फक्त अमुक रुपयांच्या आतल्यांना. युद्ध लांबत गेलं तशी मर्यादा वर सरकत गेली आणि मधले कारकून, मग वरचे, असे आत येत गेले. म्हणजे १९४१ मध्ये भत्ता नसलेला माणूस १९४४ मध्ये भत्ता घेताना दिसला तर त्याची पदावनती झालेली नाही, मर्यादा बदललेली आहे.

तिसरं : भत्ता वेगळ्या बिलावर काढलेला. तुमच्याकडे एकच बिल उरलं असेल तर दुसरं हरवलंय.

मर्यादेच्या काठावर एक गंमत असते, ती दिसली की दचकू नका. समजा, ६० पर्यंतच्यांना ९ रुपये भत्ता आणि ६० च्या वर काही नाही. ५९ वाल्याला ६८ मिळणार. त्याला ३ रुपयांची वाढ मिळून तो ६२ वर गेला, की हातात ६२! बढती मिळाली आणि घरी ६ रुपये कमी आले. हे टाळायला ‘किरकोळ समायोजन’ करत, म्हणजे एकूण रक्कम आधीच्या एकूण रकमेइतकी, इथे ६८, राखून द्यायची. म्हणून काठावरच्या माणसाचा भत्ता ६ रुपये असा कुठल्याच तक्त्यात न बसणारा दिसतो. (वरचे आकडे केवळ गणितासाठी घेतलेत.)

आणखी एक. हा भत्ता म्हणजे ‘पगार’ नव्हे. निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या सरासरीवर ठरायचं. १९४५-४६ मध्ये निवृत्त झालेल्यांची खरी मारामारी इथे झाली : हातात येत होतं त्याचा मोठा हिस्सा भत्ता होता आणि तो निवृत्तीच्या दिवशी हिशोबातून गळाला. ‘शेवटचा पगार ८०, निवृत्तिवेतन ३० च्या आसपास, हे कसं?’ असं कुणी विचारतं त्याचं उत्तर हे.

रेल्वेवाल्यांसाठी एक जादा रकाना करा. रेल्वेने स्वस्त धान्याची दुकानं चालवली होती. तिथला माल बाजाराहून बराच कमी भावाने मिळे आणि ती सवलत पगारबिलावर कुठेच नसते. रेल्वेचा कारकून आणि सचिवालयाचा कारकून यांची तुलना हा रकाना सोडून केलीत तर रेल्वेवाला विनाकारण गरीब दिसेल.

आधोली

मापांबद्दल. इथे चूक दहा-वीस टक्क्यांची होत नाही, थेट तिप्पट होते.

‘मण’ दोन. सरकारी, म्हणजे बंगाली मण ४० शेरांचा, शेर ८० तोळ्यांचा. हा मण ८२ पौंडांच्या थोडा वर, सुमारे ३७.३ किलो. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, पावणेतेरा किलोच्या आत, आणि त्याचा शेर अवघा २८ तोळ्यांचा. मुंबई प्रांताचा वजनमापांचा कायदा १९३२ चा. त्याने ८० तोळ्यांचा शेर पक्का केला, पण घरातल्या बाईच्या तोंडचा शेर कायद्याने बदलत नसतो. वहीतला मण कुठला ते ओळखायला भाव बघा. एकाच महिन्यात एकाच धान्याचे दोन भाव दिसले आणि त्यांचं प्रमाण तिनाला एकच्या जवळ आलं, तर दोन मण आहेत हे नक्की.

‘शेर’ तर वजनही आणि मापही. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे आधोली, दोन आधोल्या म्हणजे पायली, हा सगळा भांडं भरून मोजण्याचा हिशोब. त्यात तांदळाचं वजन वेगळं, ज्वारीचं वेगळं, पोह्यांचं तर विचारूच नका. वर गावोगावची पायली निराळी. वहीत त्याच पानावर चिपटं किंवा मापटं आलं असेल तर शेर मापाचा. तोळे, छटाक, अदपाव आले असतील तर वजनाचा. खूण म्हणून डोक्यात ठेवा : दूध, धान्य मापाने; तूप, साखर, डाळ बऱ्याचदा वजनाने.

२ मे १९४३ ला मुंबई शहरात रेशनिंग आलं आणि तिथून पुढे तुमचं काम सोपं होतं, कारण रेशन पौंड-औंसांत. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य हे १९४३ च्या अन्नधान्य धोरण समितीने सुचवलेलं प्रमाण. १९४६ च्या सुरुवातीला टंचाईमुळे ते १२ औंसांवर आणलं. नवरा-बायको आणि दोन मुलं, मुलांचं रेशन अर्धं धरलं तर तीन माणसांचं प्रमाण झालं. महिन्याला ९० पौंड, म्हणजे जवळजवळ ४१ किलो. १२ औंसांवर आल्यावर साडेसदुसष्ट पौंड, साडेतीस किलोच्या आसपास. दहा किलोंची ही तफावत भरून काढायला जे विकत घेतलं ते काळ्या बाजारातलं, आणि ते वहीत बहुतेक वेळा ‘किरकोळ’ या नावाखाली लपलेलं असतं. कुठे ‘गावाहून आणले’ असं असतं. १९४५-४६ मध्ये ‘किरकोळ’ एकाएकी फुगलं तर तिकडे संशयाने बघा.

कापडाचंही तसंच. जून १९४३ च्या नियंत्रण हुकमानंतर ठाणावर किंमत छापलेली असायची. वहीतला दर छापील दरापेक्षा जास्त असेल तर कारण उघड आहे.

आणि हो, स्तंभ बेरजेला टाकताना ४५-८-० म्हणजे ४५.८ नव्हे! ४५ रुपये ८ आणे, म्हणजे ४५.५०. आण्यांना १६ ने भागायचं, पैंना १९२ ने. ४५-१३-६ म्हणजे ४५ + ०.८१२५ + ०.०३१२५, म्हणजे ४५.८४. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधीच्या कुठल्याही कागदात ‘पैसा’ म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, आणि ‘पै’ त्याचीही तिजाई.

१९४२-४३ च्या पानांवर आणे गायब होऊन रकमा अचानक पूर्ण रुपयांत दिसल्या तरी गोंधळू नका. सुट्ट्या नाण्यांची टंचाई इतकी होती की पोस्टाची तिकिटं सुटे म्हणून चालत. १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला तो धातू वाचवायला. वाणी आण्यांचं मागे-पुढे लिहून ठेवायचा आणि महिनाअखेर एकत्र धरायचा.

बारनिशी

मणाचं तंतोतंत. एका पानावर दोन भाव आहेत, भागाकार २.९ येतो. तीन महिने त्याला लिहिणाऱ्याची चूक समजत होतो.

आता निर्देशांक. मुंबईचा लेबर ऑफिसचा आकडा सरळ कारकुनाला लावला तर चालेल ना? आणि गिरणी कामगाराला कारकुनापेक्षा जास्त भत्ता मिळायचा असं वाचनात येतं. ते पगाराच्या मानाने, की खरोखर रुपयांत जास्त?

दशमान

लावता येईल, पण त्यात काय मोजलंय ते ओळखून.

मुंबईच्या निर्देशांकाच्या दोन मालिका आहेत. जुनी, जुलै १९१४ = १००. नवी, जुलै १९३३ ते जून १९३४ = १००. नवीचा पाया मंदीच्या तळाशी आहे, त्यामुळे जुन्या मालिकेतला आकडा नव्यात तसाच टाकला तर महागाई कुठल्या कुठे जाते. दोन्ही मालिका एकाच महिन्यासाठी छापलेल्या सापडतील ते महिने घ्या, प्रमाण काढा, मग जोडा. सोलापूर आणि अहमदाबाद यांचे पाये आणखी वेगळे : अहमदाबादचा ऑगस्ट १९२६ ते जुलै १९२७, सोलापूरचा फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८. ते मंदीच्या आधीचे, म्हणून १९३९ मध्ये तिथले आकडे शंभराच्या खाली. ‘सोलापूर मुंबईपेक्षा स्वस्त’ असा निष्कर्ष त्यावरून काढणारे लेख पाहिलेत. तो निष्कर्ष नव्हे, पायातला फरक आहे.

मुंबईसाठी युद्धापूर्वीचा आकडा १०५ धरतात. १९४४ पर्यंत तो दुपटीच्या वर गेला.

हा आकडा कामगार कुटुंबाचा आहे. निम्म्याहून जास्त भार अन्नाचा. गिरणगावातल्या घरखर्चाच्या पाहणीवरून ठरलेला. गिरगाव-दादरच्या कारकुनाच्या खर्चात शाळेची फी, पुस्तकं, कचेरीचे कपडे, धोबी, गावी पाठवायची मनिऑर्डर, सणवार हे सगळं जास्त, आणि ते वेगळ्या गतीने महागलं. केंद्राच्या मध्यमवर्गीय नोकरांच्या घरखर्चाची वेगळी पाहणी १९४५-४६ मध्ये झाली, तोपर्यंत युद्ध संपलेलं.

निर्देशांकाची दोन आंधळी ठिकाणं तर तुमच्या कामाला थेट नडतील. एक, भाव नियंत्रित असतील तर नियंत्रित भावच धरला जातो. त्या भावाला माल मिळाला की नाही हे आकड्याला कळत नाही. दोन, घरभाडं. भाडेनियंत्रणाने जुनं भाडं गोठलं. १९४७ च्या कायद्यातही प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० चं. त्यामुळे निर्देशांकात भाडं जवळपास हललंच नाही. १९३८ पासून त्याच खोलीत राहणाऱ्याच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं. १९४३ मध्ये बदली होऊन मुंबईत आलेल्याला मात्र पागडी द्या, पोटभाडेकरू व्हा, नाहीतर चौघांत मिळून खानावळीच्या वरची खोली घ्या, एवढेच मार्ग. पागडी वहीत भाड्याच्या रकान्यात सापडणार नाही. ती ‘हातउसने’ किंवा ‘दागिना गहाण’ या नावाने येते. म्हणून तुमच्या तक्त्यात कारकून दोन करा : जुना भाडेकरू आणि नवा आलेला. पगार एकच, खर्च अजिबात एक नाही.

आता गिरणी. इथे भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता. मार्च १९४० चा मोठा संप महागाईवरूनच झाला. नंतर हळूहळू जे सूत्र बसलं त्यात दर शेवटी असा ठरला : १०५ च्या वर प्रत्येक अंकाला दिवसाला १.९ पै, महिन्याचे २६ दिवस. समजा, निर्देशांक २१० झाला. वाढ १०५ अंक. १०५ × १.९ = १९९.५ पै रोज. गुणिले २६ म्हणजे ५,१८७ पै. भागिले १९२ म्हणजे २७ रुपये आणि वर ३ पै. निर्देशांक पुढच्या महिन्यात २२० झाला की भत्ता आपोआप वाढला, कुणाला अर्ज करावा लागला नाही.

सरकारी भत्ता असा नव्हता. तो ठोक रकमेचा, टप्प्याटप्प्याचा, हुकूम निघेल तेव्हा वाढणारा. त्यामुळे जास्त मूळ पगार असलेल्याचं नुकसान प्रमाणात जास्त. पुन्हा केवळ गणितासाठी : निर्देशांक दुप्पट झाला, म्हणजे जुनी स्थिती टिकायला पगारही दुप्पट हवा. पट्टेवाला १८ वर होता, १४ भत्ता मिळाला, झाले ३२. हवे होते ३६. म्हणजे ८९ टक्के टिकलं. कारकून ६० वर, भत्ता १८, झाले ७८. हवे होते १२०. टिकलं ६५ टक्के. हेडक्लार्क १५० वर, भत्ता २४, झाले १७४, हवे ३००, टिकलं ५८. वाचनात आलं ते या अर्थाने बरोबर आहे. आणि खालच्या कारकुनाच्या बाबतीत भत्त्याचे नुसते रुपयेसुद्धा गिरणीवाल्याला जास्त पडू शकत.

खतावणी

दशमान यांच्या गणिताला एक पुरवणी. तुमचा कारकून १९३९ मध्ये ४८ वर होता आणि १९४४ मध्ये ५८ वर असेल, तर हे १० रुपये महागाईच्या खात्यात टाकू नका. ती पाच वर्षांच्या नोकरीची वाढ, लढाई नसती तरी मिळालीच असती. तुलना करायची तर दोन्ही वर्षी त्याच पायरीवरच्या माणसाची करा : १९३९ मधला दहा वर्षं झालेला आणि १९४४ मधला दहा वर्षं झालेला. एकाच माणसाचं सेवापुस्तक घेऊन रेघ ओढलीत की महागाईचा फटका निम्मा दिसतो. त्या काळात सरकारही हाच युक्तिवाद करत होतं, ते सोडा.

शिवाय महिना जुळवताना : मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी हातात. खर्चाची वही एप्रिलची, बिल मार्चचं. निर्देशांक एप्रिलचा लावा.

रेशनिंग आणि पुरवठा खात्यात १९४३ नंतर भरलेले बरेचसे कारकून तात्पुरते होते. त्यांच्या पगाराचा आकडा कायम कारकुनाइतका दिसला तरी त्यामागे निवृत्तिवेतन नाही. ते वेगळे ठेवा.

सनदी

वरच्या टोकाचा विषय कुणी काढला नाही, म्हणून थोडक्यात. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,०००. याउलट काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात सरकारी नोकराला ५०० च्या वर पगार नको असं म्हटलं होतं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं खेर मंत्रिमंडळ आलं तेव्हा मंत्र्यांनी ५०० घेतले. त्यांच्या हाताखालचा आय.सी.एस. (इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला) सचिव त्यांच्यापेक्षा कितीतरी पट घेत होता, आणि त्याचा पगार मंत्र्यांना कमी करता येत नव्हता. वरिष्ठ नोकऱ्यांसाठी नेमलेल्या १९२४ च्या ली आयोगानंतर युरोपियन अधिकाऱ्याला परदेशी वेतन आणि नोकरीच्या काळात विलायतेच्या चार फेऱ्यांचं भाडं हे वेगळंच. तुमच्या तक्त्यात हे घेऊ नका, पण तळटीप असू द्या; नाहीतर १८ रुपये कमी की जास्त याला मोजपट्टीच राहत नाही.

बारनिशी

घेतो. तिसरा टप्पा १९४७ चा. तिथे श्रेणी एकदम बदलतात आणि पट्टेवाल्याचा मूळ पगार ३० दिसतो. ही भत्ता मिसळून आलेली रक्कम, की निव्वळ मूळ?

पैपैसा

निव्वळ मूळ. केंद्राचा पहिला वेतन आयोग मे १९४६ मध्ये नेमला, अध्यक्ष न्या. वरदाचारियार. आयोग बसलेला असतानाच ११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या दर्जाच्या नोकरांचा संप सुरू झाला. पाठोपाठ तारखातंही उतरलं. अहवाल मे १९४७ चा, पण नवी वेतनं १ जानेवारी १९४७ पासून. मधल्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून नंतर मिळाला. तेव्हा जानेवारी ते मे १९४७ च्या पगारबिलांवर जुनेच आकडे असतील आणि मागाहून एक मोठी रक्कम एकदम. ती त्या एका महिन्याची कमाई समजू नका, मागच्या महिन्यांत वाटून टाका.

श्रेणी अशा. पट्टेवाला : ३०-½-३५. अर्ध्या रुपयाची वाढ, दहा वर्षांत पाच रुपये! वर भत्ता २५, म्हणून सुरुवातीला ५५. कनिष्ठ कारकून : ५५-३-८५-ई.बी.-४-१२५-५-१३०, म्हणजे दहा अधिक दहा अधिक एक, एकवीस वर्षांत शेवट. वर भत्ता ३५, सुरुवातीला ९०. वरिष्ठ कारकून : ८०-५-१२०-ई.बी.-८-२००-१०/२-२२०. आठ, दहा आणि दोन वर्षांतून एकदा अशा दोन वाढींना चार, एकूण बावीस वर्षं.

योगायोग बघण्यासारखा आहे : त्याच १९४७ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतलं किमान मूळ वेतनही औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने ३० रुपयेच ठरलं. मूळ पगार एक, पण गिरणीवाल्याचा भत्ता निर्देशांकाबरोबर चढणारा आणि पट्टेवाल्याचा २५ वर बसलेला. दिल्लीहून पुढचा हुकूम निघेपर्यंत तो तिथेच. १९५१ पर्यंत पट्टेवाल्याचा भत्ता ४० झाला, म्हणजे मूळ पगाराहून जास्त. मग काकासाहेब (न. वि.) गाडगीळ यांच्या समितीने निम्मा भत्ता पगार धरावा असं सुचवलं, ते १९५३ मध्ये लागू झालं. तेव्हा कुठे निवृत्तिवेतनाच्या हिशोबात महागाईचा अंश आला. १९४७ ते १९५३ मध्ये निवृत्त झालेल्याचा हिशोब करत असाल तर फक्त मूळ वेतन धरा.

हे सगळं केंद्राचं. तुमचा कारकून सचिवालयातला किंवा कलेक्टर कचेरीतला असेल तर प्रांताचे सुधारित वेतनाचे नियम वेगळे शोधा. वरच्या श्रेणी त्याला चिकटवू नका.

दशमान

‘आजचे किती’ हे राहिलंच. एका आकड्याने गुणू नका. सोन्याने तर मुळीच नको. युद्धात सोनं सट्ट्याने आणि नोटांच्या भीतीने चढलं, तांदूळ दुसऱ्याच कारणाने. त्यापेक्षा पगार वस्तूंत मोडून दाखवा. तीन माणसांच्या रेशनला महिन्याचे किती रुपये गेले, भाड्याला किती, उरले ते किती दिवसांचे. बी.डी.डी. (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतली एक खोली घेतलीत तर आणखी बरं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, सगळ्या एका साच्याच्या. त्यामुळे १९३९ ची खोली आणि १९४७ ची खोली ही खरोखर एकच वस्तू आहे. तांदळाच्या बाबतीत तेवढं म्हणता येत नाही, कारण १९३९ मध्ये वहीत लिहिलेला तांदूळ आणि १९४४ मध्ये रेशनवर मिळालेला तांदूळ यांत खडे किती होते ते कुठल्याच रकान्यात नाही.

आधोली

खडे आहेत की. वहीत ‘निवडून उरले’ असं लिहिलेलं असेल तर बघा. एक-दोन घरांत तेही मापून ठेवत.